सांदवाडीतील घूस

कार्तिक सरत आला म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांची कळा पालटते. आठ-पंधरा दिवसांपूर्वी ज्या बांध्या पिवळ्या धानाने भरलेल्या होत्या, त्या आता मोकळ्या दिसू लागतात. कापलेल्या कडपा वाळतात, त्यांचे भारे बांधले जातात, खळ्यावर पुंजणे उभे राहते, आणि जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर लाखोरी व जवस यांची हिरवी रोपे डोके वर काढतात. शेतकऱ्याला दोन घटका निवांत बसावयास मिळतात. परंतु नेमक्या याच दिवसांत घरामागच्या वाडीत एक निराळीच गडबड सुरू होते. ती रात्री चालते आणि जमिनीखाली चालते. म्हणून पुष्कळ दिवस ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हे दोन झाले तरी भूमीचा पोत एकच राहिला. वैनगंगेचे खोरे, पूर्वजांनी ठिकठिकाणी पाळ घालून अडविलेले तलाव आणि जिकडे पाहावे तिकडे धान. या भागातील घरामागच्या वाडीला सांदवाडी म्हणतात. सांदवाडी ही केवळ शोभेची बाग नव्हे. कुडाच्या कुंपणावर वालाचा वेल, कोपऱ्यात कोचई, मध्ये वांगी, मुळा आणि सांबार, एका वाफ्यात रताळी. घरची भाजी भागवून उरलेला माल आठवडी बाजारात जातो, आणि मिठामिरचीचा खर्च पुष्कळदा त्यातूनच निघतो. तेव्हा सांदवाडीचे नुकसान म्हणजे घरचे नुकसान.

असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात आजी, सातवीत शिकणारा नातू, त्याचे आईवडील, नुकतीच रांगू लागलेली एक लहान बहीण, एक शेळी आणि सातआठ कोंबड्या. एके दिवशी सकाळी आजी वाडीत गेली, तो रताळ्याचा एक वेल मलूल होऊन पडलेला. काल तर तो टवटवीत होता! तिने तो हलकेच उचलला, आणि तो मुळासकट नव्हे, मुळावाचून हातात आला.

“बाबू, वेल गेला रे!” आजीने हाक मारली.

नातू धावत आला. दोघांनी माती उकरून पाहिली. आतली रताळी अर्धी कुरतडलेली होती. काहींची तर नुसती सालेच उरली होती. दोन हातांवर कुंपणाच्या कडेला बारीक, भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला. पण आजूबाजूला बीळ म्हणावे असे भोक मात्र कोठेच दिसेना.

चोराला पकडावयाचे तर आधी तो कोण हे ओळखावे लागते. नातवाला वाटले, ही चिचुंद्री असावी. कारण रात्री भिंतीच्या कडेने चिर्र चिर्र करीत जाताना त्याने ती पाहिली होती. चिचुंद्रीवर असा आळ नेहमीच येतो, आणि तो बहुधा खोटा असतो. लांब सोंडेसारख्या नाकाची ही चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नव्हेच. तिचे मुख्य अन्न किडे, झुरळे आणि अळ्या हे होय. तिच्या अंगाला उग्र दर्प येतो म्हणून ती कोणाला आवडत नाही. परंतु वाडीत ती नुकसानीपेक्षा उपकारच अधिक करते. घरातला साधा उंदीर आढ्यावर, माळ्यावर, ढोलीच्या मागे वावरतो. वाफ्याखाली लांब बोगदा खणणे हे त्याचे काम नव्हे. राहता राहिली घूस.

घूस म्हटली की लोकांना गटाराकाठची, मांजरालाही न भिणारी मोठी घूस आठवते. तिचे वजन अर्ध्या किलोच्याही पुढे जाते, आणि भिंतीचा पाया पोखरण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. पण धानाच्या मुलखातील खरी उपद्रवी प्राणी तिची धाकटी बहीण होय. ही लहान घूस अंगाने आखूड व गुबगुबीत, तोंडाने बोथट, रंगाने काळपट करडी असते. ती पोहण्यात तरबेज आहे. म्हणून पाण्याने भरलेल्या बांध्या तिला अडवू शकत नाहीत. आणि मोठी मौज अशी की, ती बिळात शिरली म्हणजे पुष्कळदा आतून मातीने दार लावून घेते. म्हणूनच नातवाला ढीग दिसला, परंतु भोक दिसले नाही. बारीक मातीचा ताजा ढीग आणि बुजलेले तोंड, ही या घुशीची सहीच समजावी.

घूस कुरतडते ती खोडकरपणाने नव्हे. उंदीरवर्गातील सर्व प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात. त्या दातांची पुढची बाजू कठीण व पिवळसर असते, मागची त्या मानाने मऊ असते. मागची बाजू लवकर झिजते, पुढची टिकते, आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार येते. दात झिजविला नाही तर तो वाढून तोंड मिटणेसुद्धा कठीण व्हावयाचे. त्यामुळे भूक असो वा नसो, काहीतरी कुरतडणे तिला भागच असते.

तिचे बीळ हा तर पाहण्यासारखा प्रकार आहे. शेतात कापणीनंतर एखादे बीळ खणले तर वरून एक दिसणारी वाट आत गेल्यावर फुटत फुटत जाते. ती बहुधा हात-दीड हातापेक्षा खोल नसते, पण लांबी काही वावांची भरते. कोठे गवताची व तणसाची मऊ गादी केलेली खोली, कोठे एकावर एक रचलेल्या धानाच्या लोंब्यांचे कोठार, कोठे नुसतीच बंद वाट, आणि एखादे असे तोंड की ज्यावर मातीचा पातळ पापुद्राच ठेवलेला असतो. संकट आले की त्या पापुद्र्याला धडक देऊन ती पसार होते. एका कोठारातून किलोभर धान सहज निघते, कधी त्याहूनही अधिक. एवढे धान ती लगेच खात नाही. तरीही साठवीत राहते. एका बिळात बहुधा एकच मोठी घूस राहते. मादी असली तर तिच्याबरोबर तिची पिले असतात. शेजारीण तिला खपत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडावयाची आहे.

आता ही घूस आजीच्या सांदवाडीत आली कोठून? तिचे उत्तर कापलेल्या बांध्यांत आहे. पावसाळाभर ती धुऱ्यात राहिली. धानाला दाणा भरला तेव्हा तिचीही भरभराट झाली. या घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचाच असतो, एका वेताला सहा-सात पिले सहज होतात, आणि ती पिले तीन महिन्यांच्या आत स्वतः पिले देण्याजोगी होतात. मग धान कापले गेले, बांध्या उघड्या पडल्या, लपावयास जागा व खावयास दाणा दोन्ही उणी झाली. अशा वेळी जवळच ओल असलेली, मऊ मातीची, कंदमुळांनी भरलेली वाडी असेल, तर घुशीने दुसरीकडे का जावे?

उंदीर अन्नाच्या मापाने वाढतो, याचा फार मोठा दाखला आपल्या देशाच्या ईशान्य टोकाला मिळतो. मिझोराममधील डोंगरांवर एका जातीचा बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो. त्याची फळे डोंगरभर पडतात, ती खाऊन उंदरांची संख्या अफाट वाढते, आणि फळे संपली म्हणजे त्या टोळ्या शेतातील धानावर तुटून पडतात. १९५९ साली तेथे असा दुष्काळ पडला. पुढे २००६ ते २००८ या काळात बांबू पुन्हा फुलला आणि पुन्हा शेते ओस पडली. आजीच्या वाडीतील दोन-तीन घुशी आणि मिझोरामच्या त्या झुंडी यांत फरक आहे तो अन्नाच्या राशीचा.

वेल गेल्याची बातमी शेजारी पोहोचली, आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. कोणी म्हणाले, बिळात पाणी ओता. ओतून पाहिले, दहा बादल्या मुरल्या, वांग्याची दोन रोपे कुजली, घूस मात्र दिसली नाही. जी धानाच्या पाण्यात पोहत वाढली आणि जिने आतून दार लावले आहे, तिला दहा बादल्यांचे काय भय? कोणी डांबरगोळ्या टाकावयास सांगितले. त्या गोळ्यांनी घूस जात नाही. उलट त्या विषारी असतात व रांगणाऱ्या मुलाला गोड खाऊसारख्या दिसतात. लसूण, पुदिना, मिरचीची धुरी यांचाही गुण दोन दिवसांचाच. मांजर लहान उंदीर मारील, पण पुरी वाढलेली घूस अंगावर आली तर मांजरही मागे सरते.

मग शेजारच्या काकांनी दुकानातून एक पुडी आणली. “एका रात्रीत काम होईल,” ते म्हणाले.

पुडीत झिंक फॉस्फाइडची काळसर भुकटी होती. शेतावर हे औषध वापरले जाते ही गोष्ट खरी. परंतु ते वापरण्याची रीत असते. घूस नव्या वस्तूला बिचकते. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून बिळाजवळ ठेवावयाचा, तिला चटक लागू द्यावयाची, आणि मगच जाणत्या माणसाने शंभर भागांत दोन भाग औषध मिसळलेले आमिष थेट बिळाच्या आत ठेवून तोंड बुजवावयाचे. घाई केली तर घूस थोडेसे चाखते, आजारी पडते, आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावीत नाही. हे विष पोटातल्या आम्लाशी मिळाले की त्यातून फॉस्फीन नावाचा प्राणघातक वायू निघतो, आणि त्यावर उतारा असे औषध नाही. रक्त गोठू न देणारी दुसरी विषे आहेत. त्यांवर ‘क’ जीवनसत्त्वाचा नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा चालतो. पण त्यांनी घूस काही दिवसांनी मरते, तोवर ती सुस्त होऊन उघड्यावर फिरते, आणि तिला उचलणारे घुबडही त्या विषाचे वाटेकरी होते.

आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. तिने पुडीकडे पाहिले, अंगणात माती चिवडणाऱ्या नातीकडे पाहिले, वाफ्यात टोचा मारणाऱ्या कोंबड्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “भाऊ, पुडी परत घेऊन जा. रताळी पुन्हा लावता येतील.”

काका थोडे रुसले. ते सालस गृहस्थ होते, आणि त्यांच्या वाडीचेही नुकसान चालूच होते. त्यांना राग यावा हे स्वाभाविकच होते.

विष नाही तर मग काय? येथे नातवाच्या वहीचा उपयोग झाला. त्याने वाडीचा नकाशा काढला. कुंपण, विहीर, शेळीचा गोठा, तणसाचा ढीग, वाफे, सगळे त्यात आले. मग वाडी फिरून जेथे जेथे मातीचा ढीग वा तोंड दिसले तेथे त्याने फुली मारली. अकरा फुल्या झाल्या. संध्याकाळी वडिलांनी ती सर्व तोंडे मातीने बुजवून पायाने दाबली. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाहतात तो अकरांपैकी चार पुन्हा उकरलेली! बाकीची सात जुनी, सोडून दिलेली होती. शेतीशास्त्रातही वस्तीतील बिळे ओळखण्याची हीच रीत आहे. तिला खर्च काही नाही, फक्त पहाटे उठावे लागते. चार तोंडे, आणि त्यांतील दोन एकाच रेषेत. म्हणजे घुशी दोन वा तीन. अकरा फुल्या पाहून घाबरलेल्या मंडळींना थोडा धीर आला.

नकाशावर आणखी एक गोष्ट उघड झाली. ताज्या चारही फुल्या तणसाच्या ढिगाच्या आणि कुंपणाखालच्या गवताच्या आसपास होत्या. झाडलोट केलेल्या जागी एकही नव्हती. घूस उघड्यावर वावरत नाही. मिशांनी कशाला तरी स्पर्श करीत, कडेकडेने जाणे तिला आवडते. म्हणून पहिले काम आडोसा काढण्याचे. तणीस जमिनीवरून उचलून लाकडी माचावर गेले. कुंपणाखालचे गवत कापले गेले. कोंबड्यांचे दाणे रात्री पडून राहणार नाहीत असे पाहिले. पिकलेली रताळी वाफ्यात न ठेवता काढून घेतली.

मग बिळे खणली. हे काम मोठ्यांचे, आणि तेही सावधपणे करावयाचे. घुशीच्या बिळात नाग वा मण्यार मुक्कामाला असू शकते, म्हणून बिळात हात घालणे हा शुद्ध अविचार होय. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. उंदरांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भाच्या काही भागांत या तापाने लोकांना हैराण केले होते. तेव्हा पायांत बूट, हातांवर जाड कापड आणि काम झाल्यावर साबणाने अंघोळ. वडिलांनी आधी पळवाटेची तोंडे दगडांनी बंद केली व नंतर कुदळ चालविली. एक घूस सापडली. दुसरी कोठून निसटली ते कोणाला कळले नाही. “डोंगर पोखरून उंदीर” ही म्हण या घरापुरती तरी अक्षरशः खरी ठरली.

निसटलेलीसाठी पिंजरा लावला. त्यातही घाई उपयोगाची नव्हती. दोन रात्री सुक्या मासळीचा तुकडा ठेवून पिंजरा उघडाच राहू दिला. तिसऱ्या रात्री त्याचा खटका चढविला. घूस सापडली. आता तिला दूरच्या बांधीत सोडून यावे असे नातवाच्या मनात आले. पण ती बांधी कोणाची तरी असणारच, आणि तेथून परत यावयास तिला फारसा वेळ लागत नाही. तिचे काय करावयाचे ते वडिलांनी पाहिले.

रताळ्याचा नवा वाफा करताना खाली व चारी बाजूंनी बारीक भोकांची तारेची जाळी बसविली. जाळीची भोके बोटभर रुंद असली तरी पिले आत शिरतात, म्हणून ती त्याहून बारीक घ्यावी लागते. वाडीभर अशी जाळी घालणे परवडत नाही. एका वाफ्याला परवडते. शेतातल्या धुऱ्यांसाठी उपाय आणखी सोपा आहे. धुरा फूटभरापेक्षा रुंद असला की घुशीला घर बांधावयास ऐसपैस जागा मिळते. तो अरुंद व स्वच्छ ठेवला तर ती तेथे फारशी रमत नाही. रुंद धुऱ्याला भोक पडले म्हणजे बांधीतील पाणी रातोरात खालच्या बांधीत उतरते, आणि तलावाच्या पाळीला पडले म्हणजे साऱ्या गावाला धावावे लागते.

या लढाईत काही साथीदार न बोलावता येतात. मुंगूस येते. पिवळसर, लांबलचक धामण येते. ती बिनविषारी असून घुशीच्या मागे थेट बिळात शिरते. तिला नाग समजून काठ्यांनी मारणारी माणसे आपल्याच वाडीचा राखणदार मारीत असतात. आणि येते गव्हाणी घुबड. पांढऱ्या बदामी तोंडाचा हा पक्षी जुन्या वाड्यांत, देवळांच्या माळ्यांवर, झाडांच्या ढोलीत राहतो. त्याच्या नावाने लोक अपशकुनाची धास्ती घेतात. परंतु रात्री एक-दोन उंदीर गिळणारा पक्षी अपशकुनी कसा, हे उंदरांनाच विचारावे. अमेरिकेतील रॉजर पेन या शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखविले की, हे घुबड केवळ पालापाचोळ्याच्या सळसळीवरून उंदराची नेमकी जागा ओळखते. इस्रायलमध्ये शेतकऱ्यांनी १९८३ पासून त्याच्यासाठी शेतात लाकडी पेट्या टांगल्या. पुढे सीमेपलीकडील जॉर्डनच्या शेतकऱ्यांनीही तेच केले. दोन देशांचे पटत नसले तरी घुबडाला सीमा कोठे दिसते?

पंधरा दिवसांनी नातवाने पुन्हा तोंडे बुजवून पाहिली. पहाटे वाडीत सर्वत्र माती जशीच्या तशी होती. मात्र मागच्या कुंपणालगत एक नवा ढीग होता. कुंपणापलीकडे रिकामी जागा होती. तिचे मालक नागपुरास राहत. तेथे वर्षानुवर्षे झुडपे माजली होती, आणि आसपासच्या चारही घरांचा केरकचरा तेथेच पडे. आजीच्या घरातूनही पडे. नातवाने वहीचे पान उलटून नकाशा पुढे वाढविला. आता एक वाडी स्वच्छ करून भागण्यासारखे नव्हते. इकडून हाकललेली घूस तिकडे जाणार, आणि तिकडची पिले मोठी झाली की जागेसाठी भांडून इकडे येणार.

वडिलांनी मालकांना फोन केला. “खुशाल साफ करा,” ते म्हणाले. मग नातू वही घेऊन तिन्ही घरी गेला. काकांच्या घरी त्याला सर्वांत अधिक संकोच वाटला. काकांनी चष्मा लावून नकाशा पाहिला, आपल्या वाडीतील फुल्या त्यात नाहीत म्हणून त्याला दोन शब्द सुनावले, आणि पेन्सिल मागून घेऊन त्या स्वतःच काढल्या.

रविवारी सकाळी चारही घरांची माणसे विळे, कुदळी व घमेली घेऊन त्या जागेत उतरली. दुपारपर्यंत झुडपे निघाली, केरकचरा खताच्या खड्ड्यात गेला आणि उघडी जमीन दिसू लागली. नातवाने तोंडे मोजली. ती सतरा होती. काका म्हणाले, “आज बुजवू. उद्या पहाटे मीही येतो मोजायला.”